सिझर, मग नॉर्मल, आणि आता पुन्हा दिवस गेलेत

पहिलं बाळ सिझर करून झालं, दुसरं नॉर्मल झालं आणि आता पुन्हा दिवस गेले आहेत. अशा बाईला सल्ला द्यायला घरात आणि दारात माणसांची कमतरता नसते. एक गट म्हणतो, ‘पोटात टाका आहे, तेव्हा सिझरच करून घे.’ दुसरा म्हणतो, ‘मागची नॉर्मल झाली ना? मग आता कसली काळजी, सुटशील पटकन.’ पहिला गट तिचं दुसरं बाळंतपण विसरतो आणि दुसरा पहिलं. धोका दोन्हीकडे आहे. विनाकारण पोट फाडलं जातं, किंवा गरज असताना पोहोचायला उशीर होतो.

हा लेख तिच्यासाठी आहे. तिच्या नवऱ्याने, आईने आणि सासूनेही तो वाचावा, कारण रात्री अडीच वाजता गाडी काढायची की सकाळपर्यंत थांबायचं, हे बहुतेक वेळा तेच ठरवतात.

सुरुवात केसपेपरपासून करू. सरकारी दवाखाना असो की खासगी, नाव नोंदवलं की वरच्या ओळीत काहीसं असं लिहिलं जातं : जी थ्री, पी टू, एल टू, प्रीव्हियस एलएससीएस. म्हणजे गरोदरपणाची तिसरी खेप, दोन बाळंतपणं, दोन मुलं हयात, आधी सिझेरियन. ओळीत चूक काहीच नाही. पण दुसरं बाळ खालून झालं, ही तुमच्या बाबतीतली सगळ्यात मोठी गोष्ट त्या ओळीत नाही. सहा महिन्यांनी रात्रपाळीचा डॉक्टर तीच ओळ वाचतो आणि ‘सिझरचा पेशंट’ म्हणून पुढची तयारी सुरू होते. कधी उलटही होतं. ‘मागची डिलिव्हरी नॉर्मल’ एवढंच लिहिलेलं असतं, पोटावरचा आडवा व्रण साडीखाली झाकलेला असतो आणि कळा वाढवण्याचं सलाइन नेहमीच्या बाईला लावावं तसं लावलं जातं. म्हणून पहिल्याच भेटीत सांगा : ‘मॅडम, पहिलं सिझर झालंय, कशासाठी केलं ते या कागदावर आहे. दुसरं त्याच टाक्यावर नॉर्मल झालंय. दोन्ही वर्षासकट लिहाल का?’ माता आणि बाल संरक्षण कार्डावरही तशी नोंद करून घ्या. तीस सेकंदांचं काम आहे आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहतात.

दोन्ही बाजूंचे आकडे

सिझरनंतरच्या नॉर्मल प्रसूतीला डॉक्टर मंडळी ‘व्हीबॅक’ म्हणतात. एकदा सिझर झालेल्या आणि पुढच्या खेपेला नॉर्मलसाठी प्रयत्न करणाऱ्या बायकांपैकी साधारण ६० ते ८० टक्के बायका खालून बाळंत होतात. ज्यांची एक व्हीबॅक आधीच झाली आहे, त्यांच्यात हे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांवर जातं. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आधीची नॉर्मल प्रसूती, विशेषतः आधीची व्हीबॅक, हीच यशाची सर्वांत भक्कम खूण मानली आहे.

अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास नेमका याच प्रश्नावर होता. त्यात साडेतेरा हजार बायकांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. आधी एकही व्हीबॅक न झालेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के जणींची नॉर्मल झाली. एक झालेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के, दोन झालेल्यांपैकी ९१ टक्के. त्यानंतर आकडा तिथेच राहिला. मोठी उडी पहिल्या व्हीबॅकनेच पडते, आणि ती तुम्ही मारून झालेली आहे.

आता दुसरी बाजू. नॉर्मलच्या प्रयत्नातली खरी भीती एकच असते, कळा चालू असताना गर्भाशयावरचा जुना टाका उसवण्याची. त्याच अभ्यासात पहिल्या प्रयत्नाच्या वेळी हे हजारात नऊच्या आसपास घडलं आणि एक व्हीबॅक झालेल्यांत हजारात चार ते पाच. प्रमाण जवळपास निम्मं झालं. पण पुढे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या व्हीबॅकनंतर ते आणखी उतरलं नाही. शून्य कधीच झालं नाही.

या दोन आकड्यांतून निघणारा अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. नॉर्मल होण्याची शक्यता तुम्हाला आधी टाका नसलेल्या बाईच्या जवळ नेऊन ठेवते. कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली बाळंत व्हायचं, या बाबतीत मात्र तुम्ही अजूनही टाका असलेली बाईच आहात. हजारात नऊशे पंच्याण्णव जणींना काही होत नाही हे खरं. पण ज्या चार-पाच जणींना होतं, त्यांच्या बाळाचं आयुष्य पुढच्या काही मिनिटांत ऑपरेशन थिएटर उघडतं की नाही यावर ठरतं.

मागची नॉर्मल झाल्याने एवढा फरक का पडतो? बाळाचं डोकं कटीच्या हाडांतून बाहेर येऊ शकतं, हे सिद्ध झालेलं असतं. गर्भाशयाचं तोंड एकदा पूर्ण उघडलेलं असतं, त्यामुळे पुढच्या खेपेला ते लवकर मऊ होतं आणि लवकर उघडतं. आणि जुन्या टाक्याने एकदा पूर्ण कळांचा ताण सोसलेला असतो. ‘बाळाला जागा कमी आहे’ म्हणून पहिलं सिझर झालं असेल, तर त्या कारणाचं वजन आता बरंच कमी झालं. मात्र मागचं बाळ अडीच किलोचं असेल आणि या वेळचं पावणेचारचं वाटत असेल, तर तो पुरावा तेवढा पक्का राहत नाही. म्हणून मागच्या बाळाचं वजन डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आतला टाका कसा आहे

एकदा सिझर म्हणजे कायम सिझर, हे वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांनी १९१६ साली लिहिलं. त्या काळी गर्भाशय वरच्या जाड भागावर उभं चिरत. तो भाग कळांनी जोरात आवळला जातो, त्यामुळे तिथला व्रण पुढच्या खेपेला उसवण्याची भीती खरीच मोठी होती. नंतर खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रुळली आणि आज बहुतेक सिझर तशीच होतात. हजारात चार-पाच किंवा नऊ हे आकडे त्या आडव्या छेदाचे आहेत. उभ्या छेदाला, किंवा आडव्याला पुढे उभी चीर जोडावी लागली असेल तर, ते लागू नाहीत. तिथे धोका कितीतरी पटींनी जास्त असतो.

पोटाच्या कातडीवरची खूण पाहून आतला छेद कळत नाही. बाहेर आडवा आणि आत उभा, असं होऊ शकतं. ते फक्त ऑपरेशनच्या नोंदीत सापडतं. म्हणून पहिल्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि कागद तिथल्याच कपाटात राहतात. आईला फोन करा, भावाला मोबाइलवर फोटो पाठवायला सांगा. घरी काहीच नसेल तर त्या दवाखान्यात लेखी अर्ज द्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षं उलटून गेली असली तरी विचारून पाहा, अनेक ठिकाणी जुनी रजिस्टरं ठेवलेली असतात. दुसऱ्या बाळंतपणाचेही कागद हवेत. कळा किती तास होत्या, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागला का, टाके किती खोल पडले, रक्तस्राव जास्त झाला का, हे सगळं या वेळच्या डॉक्टरला हवं असतं.

आणखी एक गोष्ट बायकांना घाबरवून सोडते. आठव्या-नवव्या महिन्यात सोनोग्राफी होते आणि ‘टाका पातळ झालाय’ असं सांगितलं जातं. गर्भाशयाचा खालचा भाग शेवटच्या महिन्यांत ताणून पातळ होतोच. सोनोग्राफीत तो मिलिमीटरमध्ये मोजता येतो, पण इतके मिलिमीटर म्हणजे सुरक्षित आणि त्याखाली धोका, अशी जगभर मान्य झालेली रेघ नाही. त्या एकट्या आकड्यावर सिझरचा निर्णय होत असेल, तर डॉक्टरांना शांतपणे विचारा : ‘माझी एक नॉर्मल याच टाक्यावर झाली आहे, ते धरूनही तुमचा सल्ला हाच आहे का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

सिझरच योग्य ठरतं अशीही कारणं आहेत, आणि ती मागच्या व्हीबॅकने पुसली जात नाहीत. छेद उभा होता. टाका आधी एकदा उसवला होता. फायब्रॉइडची गाठ काढताना गर्भाशय खोलवर चिरलं गेलं होतं. वार गर्भाशयाच्या तोंडावर आली आहे. बाळ आडवं आहे. बाळ पायाळू असेल तर पोटावरून हलक्या हाताने फिरवून डोकं खाली आणण्याचा प्रयत्न अनुभवी डॉक्टर करू शकतात, आधीचं सिझर त्याच्या आड येत नाही. आणि तुमची स्वतःची इच्छा हेही कारण आहे. सगळं समजून घेऊन एखादी म्हणाली, ‘या वेळी मला ठरवून सिझर हवंय’, तर तो तिचा अधिकार आहे. मागच्या वेळी नॉर्मल होऊन या वेळी सिझर झालं, तर त्यात तिचं काही कमी पडलं असं कुणी तिला ऐकवू नये.

वार कुठे आहे

आधीचं सिझर असलेल्या प्रत्येकीने पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार, म्हणजे प्लॅसेंटा, नेमकी कुठे आहे ते विचारावं. ती समोरच्या भिंतीवर खाली, जुन्या टाक्यावर बसली असेल, तर तिची मुळं टाक्यात खोल रुतण्याचा धोका असतो. मग ती सुटत नाही, रक्त थांबत नाही आणि प्रसंगी गर्भाशय काढून टाकावं लागतं. वार तोंडावर आलेली असताना एक सिझर आधी झालेलं असेल तर हे सुमारे ११ टक्के बायकांत आढळतं, दोन झाली असतील तर ४० टक्क्यांत. मधली नॉर्मल प्रसूती या एका बाबतीत कामी येत नाही, टाका तिथेच असतो. पाचव्या महिन्यात खाली दिसणारी वार पुढे बहुतेकींची वर सरकते, म्हणून लगेच धसका घेऊ नका. ३२ आठवड्यांच्या आसपास पुन्हा तपासून घ्या आणि तेव्हाही ती तिथेच असेल तर मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवा.

याच माहितीत सिझरविषयी आणखी एक गोष्ट दडलेली आहे. प्रत्येक नवं सिझर पुढच्या गरोदरपणाची गुंतागुंत वाढवतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात २१.५ टक्के आणि महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. देशातल्या सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं आणि खासगीत ४७.४. इतक्या बायकांच्या पोटावर टाका असताना, ज्यांना नॉर्मल सहज शक्य आहे त्यांना पुन्हा टेबलावर घेण्याआधी कारण विचारलं गेलंच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

या महिन्यांत बाकी काळजी नेहमीचीच, पण हिमोग्लोबिनकडे दुप्पट लक्ष द्या. त्याच पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. तिसऱ्या खेपेला गर्भाशयाचे स्नायू बाळंतपणानंतर थोडे सैल राहू शकतात आणि रक्तस्राव वाढू शकतो. अकराच्या खाली हिमोग्लोबिन असलेल्या बाईला तो झेपत नाही. लोहाच्या गोळ्या जेवणानंतरच्या चहाबरोबर घेतल्या तर अंगी लागत नाहीत. चहा आणि गोळी यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबूपाणी चालेल. साखरेची तपासणी चुकवू नका, साखर वाढली तर बाळाचं वजन वाढतं आणि वजन चार किलोच्या पुढे गेलं की नॉर्मलची शक्यता घटते.

दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर टाक्याचा धोका वाढतो, असं अभ्यास सांगतात. ही काळजी मुख्यतः सिझरच्या लगेच पाठोपाठ येणाऱ्या गरोदरपणाची आहे. तुमच्या सिझरला आता बरीच वर्षं लोटली असतील. पण धाकटं अजून अंगावर पीत असताना दिवस गेले असतील, तर शरीरातलं लोह भरून यायला वेळ मिळालेला नसतो, हे डॉक्टरांना सांगा.

कुठे बाळंत व्हायचं

या प्रश्नाचं उत्तर मी गुळमुळीत देणार नाही. जिथे दिवसा-रात्री कोणत्याही वेळी सिझर होऊ शकतं, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी आहे आणि नवजात बाळाला सांभाळणारं कुणी आहे, तिथेच. घरी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातही नाही, तिथली सिस्टर कितीही हुशार असली तरी. शस्त्रक्रियेची सोय तिच्या हातात नसते. सरकारीत जायचं तर उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांना जोडून ‘माहेरघर’ आहे, बाळंतपणाच्या आधी तिथे येऊन राहता येतं. टाका असलेल्या बाईने मात्र तिथे न थांबता मोठ्या रुग्णालयाजवळ राहण्याची सोय आशाताईंच्या मदतीने आधीच करून घ्यावी. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझर लागलं तर तेही, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे. १०२ आणि १०८ हे दोन नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

खासगी नर्सिंग होममध्ये जाणार असाल तर सातव्या महिन्याच्या आत काही गोष्टी तोंडावर विचारा. इथे व्हीबॅक करता का, की आयत्या वेळी सिझरच सुचवता? रात्री भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात? रक्तपेढी किती लांब? कळा चालू असताना बाळाचे ठोके मशीनवर सतत पाहता का? डॉक्टर गावाला गेले तर कोण? ‘अहो, वेळ आली की बघू’ हे उत्तर मिळालं, तर दुसरीकडे विचारायला अजून वेळ आहे असं समजा.

अनेक घरांत आठव्या महिन्यात बाईला माहेरी नेतात. या वेळी तो बेत लवकर ठरवा. नाव पुण्यात, बाळंतपण परभणीत, असं करायचं असेल तर परभणीच्या डॉक्टरची भेट सातव्या महिन्यातच व्हायला हवी, सगळ्या कागदांच्या झेरॉक्ससकट. थोरली दोन्ही मुलं कुणाकडे राहतील हेही ठरवून ठेवा. मुलांची सोय होईपर्यंत थांबलेल्या बायका उशिरा पोहोचतात, आणि तिसऱ्या खेपेला कळा फार वाट पाहत नाहीत.

नववा महिना

नववा लागला की एरंडेल देण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. टाका असलेल्या बाईला ते देऊ नका. त्याने जुलाब होतात, शरीरातलं पाणी कमी होतं आणि कळा अवेळी, बेताल सुरू होऊ शकतात. ‘कळा येण्याचं इंजेक्शन’ गल्लीतल्या दवाखान्यात घेणं तर जिवावरचं आहे. ते औषध थेंबाथेंबाने, ठोके पाहत, ऑपरेशनची सोय असलेल्या जागीच द्यायचं असतं.

कळा आपोआप सुरू झालेल्या सगळ्यात चांगल्या. २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, आधी सिझर झालेल्या बायकांत कळा आपोआप सुरू झाल्या तेव्हा टाका उसवण्याचं प्रमाण हजारात चार होतं आणि औषधाने सुरू केल्या तेव्हा दहा. आधी नॉर्मल झालेल्यांत हा फरक कमी दिसतो, तरी सावधगिरी हवीच. तारीख उलटली आणि कळा आणाव्या लागणार असतील, तर फोलीचा फुगा (गर्भाशयाच्या तोंडात ठेवायची फुग्याची नळी) आणि गरजेपुरतं ऑक्सिटोसिन हा मार्ग तुलनेने सुरक्षित. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या टाका असलेल्या, दिवस भरलेल्या बाईला कळा आणण्यासाठी वापरू नयेत. ‘कळांसाठी कोणतं औषध देणार?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. आणि मुहूर्त साधण्यासाठी तारीख पुढेमागे ओढायची कल्पना कुणी मांडली, तर ती तिथेच थांबवा.

कळा सुरू झाल्यावर

मागच्या वेळी घरी तीन-चार तास काढले असतील. या वेळी कळा दर दहा-बारा मिनिटांनी नेमाने यायला लागल्या की निघा. पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर कळांची वाटही पाहू नका. पोहोचल्याबरोबर पहिलं वाक्य : ‘आधी एक सिझर, मग एक नॉर्मल.’ तुम्ही कळांत असाल, तेव्हा हे वाक्य बरोबरच्या माणसाला पाठ असू द्या. सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीच्या वेळी एका नात्यातल्या बाईला सोबत राहू देण्याचं केंद्र सरकारचं धोरण २०१६ पासून आहे. तिथे जी आत येईल तिने पुढच्या चार ओळी नीट वाचाव्यात.

कळ ओसरल्यावर पोट सैल पडतं आणि दुखणं थांबतं. टाक्याच्या जागी दुखणं कळ नसतानाही थांबत नसेल, चालू असलेल्या कळा एकाएकी बंद पडल्या, लाल रक्त जाऊ लागलं, लघवीत रक्त दिसलं, खांद्यात कळ गेली, किंवा बाईला घाम फुटून ती गळाली, तर ताबडतोब सिस्टरला हाक मारा. पुन्हा पुन्हा मारा. टाका उसवायला लागला की बहुतेक वेळा सगळ्यात आधी बाळाचे ठोके बिघडतात, आई ठीक दिसत असतानाच. म्हणून ठोक्यांचं मशीन सतत हवं. पट्ट्याने पोट काचतं, हालता येत नाही, हे खरं. पण मशीन लावूनही कुशीवर, बसून किंवा खाटेशेजारी उभं राहता येतं, तसं विचारा. कळा कमी जाणवण्याचं कमरेतलं इंजेक्शन, एपिड्युरल, टाका असतानाही घेता येतं. त्यानंतरही एकाच जागी दुखत राहिलं तर ते सांगायचं.

इथे एक बाब सगळ्यात जास्त लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिलटकरणीची प्रसूती हळू चालणं नेहमीचंच. पण आधी नॉर्मल झालेल्या बाईची प्रसूती चांगल्या कळा असूनही अडली, तर तिथे थांबून विचार केला पाहिजे. बाळ मोठं असेल, डोकं वाकडं असेल, किंवा टाक्यावर ताण येत असेल. अशा वेळी सलाइनचा वेग वाढवत नेणं धोक्याचं. अनुभवी डॉक्टरने स्वतः येऊन तपासावं आणि ‘आता सिझर करूया’ म्हणाले तर मान्य करावं. मागचं यश हे या वेळी ताणून धरण्याचं कारण होऊ शकत नाही.

जोर करण्याच्या वेळी कुणी पोटावर कोपराने किंवा हाताने दाबू लागलं, तर स्पष्ट नाही म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत ही पद्धत कुणाच्याही बाबतीत वापरू नये असं म्हटलं आहे, टाका असलेल्या पोटावर तर मुळीच नको.

बाळ झाल्यावर

बाळ बाहेर आल्याबरोबर मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं जातं, ते रक्त थांबवण्यासाठी असतं, घ्यायलाच हवं. बाळाला लगेच अंगावर लावा, त्यानेही गर्भाशय आवळतं. दूध पाजताना पोटात येणाऱ्या कळा प्रत्येक खेपेला वाढत जातात. तिसऱ्या बाळंतपणानंतर त्या इतक्या येतात की काही जणी टाका उसवला म्हणून घाबरतात. त्या पाजताना येतात आणि तीन-चार दिवसांत ओसरतात. दुखणं सतत असेल, एका तासात पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा ताप आला असेल, तर मात्र त्याला पाजतानाच्या कळा म्हणू नका. सगळं ठीक असताना केवळ टाका तपासण्यासाठी आत हात घालून पाहण्याची गरज नसते, रक्त जास्त जात असेल तर असते.

शेवटी एका युक्तिवादाबद्दल, जो आपल्याकडे हमखास ऐकू येतो : ‘नाहीतरी हे शेवटचं आहे, सिझरच करून घे, त्यातच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन उरकेल.’ हे ऐकायला सोयीचं वाटतं, पण एका लहान शस्त्रक्रियेसाठी मोठी शस्त्रक्रिया करण्यात शहाणपण नाही. नॉर्मल प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आत बेंबीखाली छोटा छेद घेऊन नळ्या बांधता येतात. ऑपरेशन नको असेल तर प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते. आणि पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी या सगळ्यांत सोपी आहे, माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्यतपासणी करून खात्री करायची. जिने एकदा पोट चिरून आणि दोनदा कळा सोसून मुलं दिली, तिच्या नवऱ्याने ही शस्त्रक्रिया स्वतः करून घ्यावी, आणि त्यासाठी डॉक्टरांची वेळ नवव्या महिन्यातच ठरवावी.